नऊ सामने, नऊ विजय, आमंत्रण एकही नाही: सॅन फ्रान्सिस्को डॉन्स, १९५१

आडवाटकर (धागाकर्ता)

आमच्या घरापासून केझर स्टेडियम चालत बारा मिनिटांवर आहे. गोल्डन गेट पार्कच्या आग्नेय कोपऱ्यात. जुनं साठेक हजार माणसांचं स्टेडियम १९८९ मध्ये पाडलं, आता तिथे पळायचा ट्रॅक, मध्ये हिरवळ आणि बसायला थोड्या पायऱ्या उरल्यात. सकाळी धुकं इतकं असतं की ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूचा माणूस दिसत नाही, नुसता बुटांचा आवाज येतो. मधल्या मैदानाला बॉब सेंट क्लेअर असं नाव आहे. वर्षभर मी तिथे पळत होतो आणि हा कोणी नगरसेवक-बिगरसेवक असेल असं धरून चाललो होतो. (नंतर कळलं की तो शेजारच्या डेली सिटीचा खरोखरच महापौर होता. म्हणजे अगदीच नेम चुकला नव्हता.)

तर हा सेंट क्लेअर सहा फूट नऊ इंच उंच, कच्चं मांस खाणारा, आणि युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या १९५१ च्या फुटबॉल संघातला खेळाडू. केझरपासून मान वर केली की टेकडीवर सेंट इग्नेशियस चर्चचे मनोरे दिसतात, तेच हे कॉलेज. जेझुइट पाद्र्यांचं, लहानसं. संघाचं नाव डॉन्स. मुंबईतला डॉन नव्हे, स्पॅनिश सरदार या अर्थाने.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. ज्यांना माहीत नाही त्यांनी शिरस्त्राण घालून खेळलेली कबड्डी डोळ्यांसमोर आणावी. चेंडू घेऊन चढाई करायची, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की सहा गुण, त्याला टचडाउन म्हणतात. बाकी नियम कळले नाहीत तरी पुढचं वाचायला अडत नाही.

प्रशिक्षक जो कुहॅरिक. उन्हाळ्यात पोरांना त्याने कॉर्निंगला नेलं. सॅक्रामेंटो खोऱ्यातलं हे ऑलिव्हच्या बागांचं गाव. सॅन फ्रान्सिस्कोच्या थंड हवेत वाढलेल्या पोरांना त्या उन्हात पिळून काढलं. संघात जीनो मार्केटी होता, दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आलेला, वयानेही बाकीच्यांपेक्षा थोराड. चेंडू फेकायला एड ब्राउन. आणि दोन काळे खेळाडू: ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. दोघे आधी सॅन फ्रान्सिस्कोच्याच सिटी कॉलेजात एकत्र खेळले होते, तो १९४८ चा संघही अपराजित होता. म्हणजे हरणं काय असतं हे या जोडीला फारसं ठाऊकच नव्हतं.

मॅटसनचं काय सांगू. त्या हंगामात नऊ सामन्यांत चेंडू घेऊन तो १५६६ यार्ड पळाला. त्या वर्षी सगळ्या देशात कोणीही एवढा पळाला नाही. फोर्डहॅमशी न्यूयॉर्कला सामना होता, पूर्व किनाऱ्यावरच्या वार्ताहरांनी हा संघ पहिल्यांदा पाहिला तो तिथे. सामना अटीतटीचा झाला, ३२-२६. त्यात समोरच्यांनी लाथेने उडवलेला चेंडू झेलून मॅटसन दोनदा सरळ दुसऱ्या टोकाला पोचला, एकदा ९४ यार्ड, एकदा ९०. कबड्डीत सातही गडी मध्यरेषेवर उभे राहावेत, एकाने सगळ्यांना चकवून परत यावं, आणि तासाभरात तेच पुन्हा करावं, असं काहीतरी.

मग पॅसिफिक कॉलेजला त्यांच्याच गावी, स्टॉक्टनला, ४७-१४. शेवटचा सामना लोयोलाशी पॅसडिनाच्या रोझ बोल मैदानावर, २०-२. नऊ पैकी नऊ.

आता खरी गोष्ट. त्या काळी बाद फेरी वगैरे नव्हती. हंगाम संपला की १ जानेवारीच्या आसपास मानाचे सामने व्हायचे, त्यांना 'बोल' म्हणतात (वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून पडलेलं नाव). कोणाला बोलवायचं हे त्या त्या गावची समिती ठरवायची आणि कॉलेजला तिकिटविक्रीतला वाटा मिळायचा. डॉन्सना या पैशांची नितांत गरज होती, फुटबॉलमुळे कॉलेज तोट्यात होतं. ऑरेंज, शुगर आणि गेटर हे तीन मोठे बोल दक्षिणेत, मायामी, न्यू ऑर्लिन्स आणि जॅक्सनव्हिलला. तिकडून निरोप आला तो असा की त्या दोघांना घरी ठेवा, मग बघू.

संघ नाही म्हणाला.

मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे, की खेळाडूंनी नंतर जे सांगितलं त्यात भाषण नाही, मतदान नाही, रात्रभर चाललेली बैठक नाही. विषय निघाला आणि तिथेच संपला. महिन्याभरात, डिसेंबर सरायच्या आत, कॉलेजने फुटबॉल बंद केल्याचं जाहीर केलं. त्या एका संघातले तिघे, मॅटसन, मार्केटी आणि सेंट क्लेअर, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. आणि कॉलेजात संघच उरला नाही.

इथल्या जुन्या लोकांच्या तोंडी या संघाबद्दल तीन शब्द आहेत. आपल्या भाषेत, न हरलेले, न बरोबरीत सुटलेले, न बोलावलेले. तिसऱ्या शब्दाला इंग्रजीत ('अनइन्व्हाइटेड') जो ठसका आहे तो मला मराठीत आणता येत नाहीये. कोणाला सुचला तर सांगा.

---

पोटोबा

कच्चं मांस?? एवढं मोठं लिहिलंत आणि तेच एका ओळीत गुंडाळलंत!

---

आडवाटकर

@पोटोबा, मला खात्री होती तुम्ही तेच विचारणार. हो, कच्चं. लहानपणापासूनची सवय. पुढे फोर्टीनाइनर्स या व्यावसायिक संघाकडून खेळताना सहकारी त्याच्यासोबत जेवायला बसायला बिचकायचे म्हणे. तुमच्या पाककृतींच्या धाग्यावर नका टाकू कृपया.

---

सई_एडिसन

सुंदर लिहिलंय. 'अनाहूत' चालेल का? नाही, त्याचा अर्थ न बोलावता आलेला. हे तर गेलेच नाहीत. 'बिनबुलाये' हिंदी झालं. 'आमंत्रणाविना' म्हटलं तर लग्नाच्या यादीत नाव राहिल्यासारखं वाटतं. अवघड आहे.

थोडी भर घालते. मी पेन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकले, तिथे अशीच एक गोष्ट नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात ऐकवतात. १९४६ मध्ये मायामीला सामना ठरला होता, काळे खेळाडू आणू नका असं आलं, तर पेन स्टेटने सामनाच रद्द केला. मग १ जानेवारी १९४८ ला डॅलसच्या कॉटन बोलमध्ये ते आपल्या काळ्या खेळाडूंसकट खेळले, १३-१३ बरोबरी. गावातल्या हॉटेलात राहायची पंचाईत म्हणून अख्खा संघ शहराबाहेर नौदलाच्या तळावर राहिला.

म्हणजे टेक्सासमध्ये १९४८ ला जे जमलं ते फ्लोरिडात १९५१ ला जमत नव्हतं. दक्षिण दक्षिण म्हणतो आपण, पण गावोगाव वेगळं होतं.

---

तिरपा_डोळा

लेख आवडला. पण थोडं खडखडीत बोलू का? बाणेदारपणाच्या गोष्टी सत्तर वर्षांत नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत होतात. माझे मुद्दे:

नऊ सामने कोणाशी? दोन तर लष्करी तळांचे संघ, कॅम्प पेंडलटनचे मरीन आणि सॅन डिएगोचं नौदल प्रशिक्षण केंद्र. सॅन होजे स्टेटशी दोनदा खेळले, दोनदा धुतलं. देशातल्या पहिल्या दहातल्या एकाशीही सामना नाही. वार्ताहरांच्या शेवटच्या क्रमवारीत ते चौदावे होते. शुगर बोलला कोण गेलं? पहिल्या क्रमांकाचा टेनेसी आणि तिसऱ्या क्रमांकाचा मेरीलँड. ऑरेंजला जॉर्जिया टेक पाचवा, बेलर नववा. चौदाव्याला नाही बोलावलं यात वर्णद्वेषच हवा असं नाही.

दुसरं, फुटबॉल बंद पडलं ते या नकारामुळे असं तुमच्या लेखातून वाटतं. सेंट मेरीजने तर १९५१ चा हंगाम सुरू व्हायच्या आधीच गाशा गुंडाळला होता. लोयोलानेही त्याच सुमारास. सांता क्लाराने वर्षभराने. आसपासच्या सगळ्याच कॅथलिक कॉलेजांची तीच गत. एका बोलने काय होणार होतं?

---

आडवाटकर

@तिरपा_डोळा, तुम्ही आलात म्हणजे धागा मार्गी लागला.

दुसरा मुद्दा आधी, कारण तो मान्य आहे. फोर्टीनाइनर्स हा व्यावसायिक संघ १९४६ पासून केझरवरच खेळत होता. रविवारी त्यांचा सामना बघायला पैसे मोजले की शनिवारी कॉलेजच्या सामन्याला कोण जातो? त्यात टीव्ही आला. शिवाय तेव्हा हवे तितके खेळाडू बदलायची मुभा होती, म्हणून चढाईला वेगळा संघ, बचावाला वेगळा. म्हणजे दुप्पट पोरं, दुप्पट शिष्यवृत्त्या, दुप्पट बूट. लहान कॉलेजांची कंबर मोडली ती यात. बोलचे पैसे आले असते तर एखादं वर्ष ढकललं असतं, फार तर दोन. माझ्या लेखात 'महिन्याभरात' हा शब्द जास्त बोलून गेला, खरंय.

पहिला मुद्दा मात्र पूर्ण सोडवत नाही. शुगर आणि ऑरेंजपुरतं तुमचं गणित बसतं. गेटरचं बघा. तिथे मायामी विरुद्ध क्लेम्सन झाला, आणि दोघेही क्रमवारीत डॉन्सच्या खाली होते. त्याहून मजेशीर गोष्ट पॅसिफिकची. ज्यांना डॉन्सनी ४७-१४ ने लोळवलं, त्या पॅसिफिकला एल पासोच्या सन बोलचं आमंत्रण मिळालं. गेले, टेक्सास टेककडून २५-१४ ने हरून आले. तेतीस गुणांनी हरलेला संघ बोलला आणि हरवणारा घरी! 'सोपे प्रतिस्पर्धी होते' हे कारण पॅसिफिकला नडलं नाही.

आणि पुरावा म्हणाल तर अशा अटी कागदावर उतरवत नसतातच. त्याला नावच 'सभ्य गृहस्थांचा करार' होतं. दक्षिणेच्या संघाशी खेळायचं असेल तर उत्तरेच्या कॉलेजांनी आपला काळा खेळाडू गुपचूप बाकावर बसवायचा, दुखापत झाली म्हणायचं, विषय संपला. वर्षानुवर्षं नावाजलेल्या कॉलेजांनी हे केलंय. सही नाही, शिक्का नाही, सगळे सभ्य.

---

तिरपा_डोळा

पॅसिफिकचं माहीत नव्हतं. एक गुण तुम्हाला. गेटरचा अर्धा.

---

फिरस्ती

'सभ्य' वरून आठवलं. त्याच ऑक्टोबर १९५१ मध्ये काय झालं बघा. ओक्लाहोमात स्टिलवॉटरला तिथल्या कॉलेजशी ड्रेक युनिव्हर्सिटीचा सामना. ड्रेकचा जॉनी ब्राइट हा काळा खेळाडू तेव्हा देशातल्या सर्वोत्तमांपैकी एक. चेंडू त्याच्या हातातही नव्हता, डाव दुसरीकडे चाललेला, आणि समोरच्या विल्बँक्स स्मिथने सरळ तोंडावर प्रहार केला. पहिल्या काही मिनिटांतच असे अनेक तडाखे. जबडा मोडला. मोडलेल्या जबड्याने त्याने लांबवर चेंडू फेकून एक टचडाउनही करवला.

'डेमॉइन रजिस्टर'च्या दोन छायाचित्रकारांनी लागोपाठ फोटो घेतले होते. एकामागून एक बघितले की अपघात होता म्हणायला जागाच राहत नाही. त्या फोटोंना पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. स्मिथला शिक्षा काहीही नाही. ओक्लाहोमातल्या त्या कॉलेजने माफी मागितली २००५ मध्ये, ब्राइट तोवर वारला होता.

मुद्दा असा की मॅटसन आणि टोलर ज्या हंगामात खेळत होते तो हा हंगाम. 'घरी ठेवा' हे त्यातलं सौम्य रूप.

---

मधुरा_खरे

फिरस्ती, बापरे.

मला एक विचारायचंय. त्या दोघांना तेव्हा काय वाटलं असेल? आपल्यामुळे बाकीच्या पोरांची संधी गेली असं ओझं? सगळे त्या संघाच्या मोठेपणाबद्दल बोलतात, पण ज्यांच्या नावाने अट होती त्यांचं काय?

---

आडवाटकर

@मधुरा_खरे, त्यांच्या मनात शिरून लिहिणं मला बरं वाटत नाही. त्यांनी पुढे काय केलं ते सांगतो.

मॅटसनला शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक संघाने घेतलं. कुहॅरिकही डॉन्स बंद पडल्यावर तिथेच प्रशिक्षक झाला होता, त्यामुळे गुरुशिष्य पुन्हा एकत्र. १९५९ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने मॅटसनला घेतलं ते एकाच्या बदल्यात नऊ देऊन. हा वेडा सौदा करणारा रॅम्सचा व्यवस्थापक कोण? पीट रोझेल. आणि हा रोझेल १९५१ मध्ये कोण होता? डॉन्सचा प्रसिद्धीप्रमुख! मॅटसनचे आकडे वर्तमानपत्रांना कळवणं, वार्ताहरांना धरून आणणं, ही त्याची कामं. पुढच्याच वर्षी रोझेल अख्ख्या एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या लीगचा, आयुक्त झाला आणि जवळजवळ तीस वर्षं त्या खुर्चीत बसला.

टोलरचं नशीब खडतर. १९५२ च्या उन्हाळ्यात शिकागोला कॉलेजमधले निवडक खेळाडू विरुद्ध व्यावसायिक विजेते असा प्रदर्शनी सामना होता, त्यात गुडघा गेला. व्यावसायिक सामना एकही खेळला नाही. तो शिक्षक झाला, मग सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक. आणि १९६५ मध्ये एनएफएलने त्याला पंच म्हणून घेतलं. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात काळा पंच तोवर नव्हता, हा पहिला. आठवडाभर शाळा, रविवारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट आणि शिटी.

जानेवारी १९८० मध्ये टोलर सुपर बोलला, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याला, पंच होता, तो मान मिळालेलाही पहिलाच काळा माणूस. सामना कुठे? पॅसडिनाला, रोझ बोल मैदानावर. लोयोलाला २०-२ ने हरवून डॉन्सचा हंगाम जिथे संपला होता तिथेच. अठ्ठावीस वर्षांनी आला तो निमंत्रणाने.

---

करवीरकर

वा, आडवाटकर. नाव वाचल्यापासून डोक्यात घोळत होतं, हा मॅटसन म्हणजे हेलसिंकीचा मॅटसन का? शोधलं, तोच! १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरमध्ये कांस्य आणि ४×४०० रिलेत रौप्य. पुढे दोघेही जमैकाचे, रोडन आणि मॅकेन्ली. रिलेतही जमैकाच, सेकंदाच्या दहाव्या भागाने.

आता आम्हा कोल्हापूर-कराडकडच्यांना हेलसिंकी म्हटलं की एकच नाव. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. कुस्तीत बँटमवेट, कांस्य, २३ जुलै १९५२. मॅटसनचं कांस्यही त्याच आठवड्यात. दोन पैलवान गडी (मॅटसनला पैलवानच म्हणतो मी), दोघांच्या गळ्यात एकाच भट्टीतलं पदक, एकमेकांची नावंही माहीत नसतील.

आणि कॉलेजचा विषय आहे म्हणून सांगतो. खाशाबांना फिनलंडला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक. खाशाबांनी मग कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या पैशातून कर्ज फेडलं. इकडे प्राचार्य घर गहाण टाकतो, तिकडे पाद्र्यांनी हिशेबाची वही मिटली.

---

तिरपा_डोळा

करवीरकर, पाद्र्यांवर जरा अन्याय होतोय. एका पैलवानाचं तिकीट आणि फुटबॉलचा अख्खा संघ यात फरक आहे. आणि त्याच कॉलेजने पुढच्या पाच वर्षांत बास्केटबॉलमध्ये बिल रसेल आणि के. सी. जोन्सला खेळवून १९५५ आणि ५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. दोघेही काळे. बास्केटबॉलला पाच खेळाडू आणि एक चेंडू, परवडतो.

---

करवीरकर

मान्य. पण मिरवणुकीत बैलगाड्या होत्या हे विसरू नका.

---

निवृत्त_मास्तर

मी इथे वाचतो, लिहीत नाही फारसा. आज लिहितो.

१९८३ साल. आमच्या कॉलेजचा खो-खोचा संघ, बाराजण. विभागीय सामने होते दुसऱ्या जिल्ह्यात. गावाचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही. आम्ही एसटीने पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. यजमानांपैकी एका सद्गृहस्थांच्या वाड्यात जेवणाची सोय होती. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलेबी. पत्रावळ्या मांडलेल्या, पाण्याचे तांबे भरलेले. आम्ही पाय धुऊन आत आलो तेव्हा एक गृहस्थ आमच्या सरांशी हळू आवाजात बोलले. सर आमच्याकडे न बघता म्हणाले, अरे, तुम्ही दोघं पडवीत बसा, तिथे वारा छान आहे.

त्या दोघांची आडनावं संघाच्या यादीत होती. यादी आधी पोस्टाने गेलेली. एवढंच.

ते दोघं उठून पडवीत गेले. काही बोलले नाहीत. आम्ही दहाजण आत जेवलो. जिलेबी गरम होती. हे मला आजही आठवतं आणि याचाच राग येतो, की चव आठवते.

दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाने शेवटच्या डावात संरक्षण करताना असं काही पळून दाखवलं की यजमानांचीच पोरं टाळ्या वाजवत होती. खांबाजवळ तीन वेळा हूल दिली. सामना जिंकलो. त्याला खांद्यावर घेऊन नाचलो आम्ही. त्याच वाड्यासमोरून.

तुमच्या लेखात ते वाक्य आहे ना, विषय निघाला आणि तिथेच संपला. आमच्याकडेही तसंच झालं. विषय निघाला आणि तिथेच संपला.

---

सई_एडिसन

मास्तर...

---

फिरस्ती

काय लिहावं कळत नाही. तुम्ही तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे असाल. सर होते बरोबर, त्यांनी बोलायला हवं होतं.

---

निवृत्त_मास्तर

@फिरस्ती, डॉन्सची पोरं पण तेवढीच असतील की. मार्केटी थोराड असला तरी बाकीचे वीस-एकवीसचेच. आणि सरांवर ढकलायला मला आवडलं असतं, बरीच वर्षं तेच केलं. पण पत्रावळीवर मी बसलो होतो.

---

तिरपा_डोळा

मास्तर, मी वर 'गुळगुळीत गोटा' वगैरे लिहिलं ते जरा मागे घेतो. पूर्ण नाही. मला अजूनही वाटतं की पराक्रमाच्या गोष्टी सांगताना सांगणारा थोडं मीठ लावतो. पण सेंट क्लेअरबद्दल एक गोष्ट आत्ता वाचली. फुटबॉल बंद पडल्यावर त्याचं एक वर्ष शिल्लक होतं, ते खेळायला तो तुल्साला गेला. ओक्लाहोमाच. फिरस्तींनी ज्या राज्याची गोष्ट सांगितली तेच. नकार देऊन सगळे काही सुखाच्या गावी गेले नाहीत. जिथे जागा मिळाली तिथे गेले.

---

आडवाटकर

हो. आणि बोलणंही फार केलं नाही त्यांनी. कितीतरी वर्षं ही गोष्ट सॅन फ्रान्सिस्कोबाहेर फारशी कोणाला माहीत नव्हती. कॉलेजने त्या संघाला मानद पदव्या दिल्या त्या २००६ मध्ये. तोवर बरेच गेले होते. टोलर २००९ ला गेला, मॅटसन २०११ ला, सेंट क्लेअर २०१५, मार्केटी २०१९.

आज सकाळी केझरला गेलो होतो, मुद्दाम. धुकं होतंच. एका शाळेची पोरं ट्रॅकवर रिलेचा सराव करत होती आणि दांडा दर वेळी दुसऱ्या वळणावर पडत होता. त्यांचा शिक्षक दर वेळी तेच सांगत होता, मागे बघू नकोस, हात मागे ठेव, तो देईल.

@निवृत्त_मास्तर, विचारू नये पण विचारतो. ते दोघं आहेत का संपर्कात?

---

निवृत्त_मास्तर

एक वारला, २०१४ ला. दुसरा आहे. सांगलीला असतो, नातवंडं आहेत. दर दिवाळीला त्याचा व्हॉट्सॅप येतो, पणतीचं चित्र आणि खाली 'कप्तान, शुभेच्छा'. कप्तान मी होतो, हे वर लिहायचं राहिलं.

---

पोटोबा

मास्तर, फोन करा त्याला.

---

निवृत्त_मास्तर

बघतो. रविवारी तो दुपारचा झोपतो, चारनंतर लावला पाहिजे.